माळ्यावरची ४८६ आणि पुतण्याचं लग्न

वाचकाचं पत्र, थोडक्यात: शिवाजी पेठेतले एक गृहस्थ, वय एक्कावन्न, सहकारी बँकेच्या संगणक विभागात नोकरी. वीसेक वर्षांपासून जुने कॉम्प्युटर जमवतात. बंद पडलेले क्लास, शाळांचं भंगार, मोडीत निघालेले छापखाने, जिथून मिळेल तिथून. आज घराच्या वरच्या दोन खोल्या आणि माळा मिळून चाळीसच्या आसपास मशीन आहेत. २८६ पासून पेंटियमपर्यंतचे पीसी, एका शाळेनं काढून टाकलेला बीबीसी मायक्रो, एक डीबी स्पेक्ट्रम, सात-आठ डॉट मॅट्रिक्स प्रिंटर, पिक्चर ट्यूबचे जड मॉनिटर, फ्लॉप्यांची खोकी. घर वडिलोपार्जित, धाकटा भाऊही तिथंच राहतो. पुतण्याचं लग्न ठरलंय आणि वरच्या खोल्या हव्या आहेत. भाऊ म्हणतो, शाहूपुरीत मित्राचं गोडाऊन रिकामं आहे, तिथं टाक. पत्नी म्हणते, भंगारवाल्याला बोलवा, नाहीतर मीच बोलावते. गृहस्थ लिहितात, "हा इतिहास आहे. पुढं याची किंमत लाखांत जाईल. मला कोल्हापुरात कॉम्प्युटरचं म्युझियम काढायचंय. एकही वस्तू देववत नाही. घरच्यांना कसं पटवू?"

दादा, नमस्कार.

घरच्यांना कसं पटवायचं, हा तुमचा प्रश्न मी जरा बाजूला ठेवते. तुमच्या लांबलचक पत्रात कुठलं मशीन कुठून आणलं, कितीला पडलं, रिक्षातून आणलं की स्कूटरवर पुढ्यात ठेवून, सगळं आहे. ते शेवटचं चालू कधी केलं, हे मात्र एकाही मशीनबद्दल नाही. वहिनी भंगार म्हणतात तेव्हा तुम्हाला लागतं, हे समजतं. पण त्या जे दिसतंय त्याबद्दल बोलतायत आणि तुम्ही जे मनात आहे त्याबद्दल. त्या पेट्यांच्या आत आज काय परिस्थिती आहे, हे दोघांनीही बघितलेलं नसावं असा माझा संशय आहे.

आत काय चाललंय ते सांगते. २८६, ३८६ आणि सुरुवातीच्या ४८६ च्या मदरबोर्डवर तारीख आणि सेटिंग लक्षात ठेवायला एक छोटी, पिंपासारखी बॅटरी सोल्डर केलेली असायची, निळ्या किंवा हिरव्या वेष्टनातली, निकेल-कॅडमियमची. वय झालं की ती गळते. गळलेला द्राव अल्कली असतो. तो बोर्डावरचे तांब्याचे बारीक मार्ग खात पुढं सरकतो, आणि बऱ्याच बोर्डांवर कीबोर्डची खाच बॅटरीच्या शेजारीच असल्यानं पहिला बळी तिचा जातो. मशीन बंद ठेवलंय म्हणून हे थांबत नाही. नुसतं ठेवलं म्हणजे मुरतं हे लोणच्याचं, मदरबोर्डचं नाही. त्यात आपला पाऊस. जून ते सप्टेंबर भिंती ओल धरतात, आणि त्या दमट हवेत फ्लॉपीच्या चकतीवर बुरशीचे पांढरे ठिपके धरतात. म्हणजे वहिनींनी भंगारवाल्याला नाही बोलावलं, तरी माळ्यावरची मोडतोड रोज चालूच आहे. तुम्ही जे जपताय असं तुम्हाला वाटतंय, ते जपलं जात नाहीये.

तेव्हा पटवापटवी नंतर. येत्या रविवारी स्क्रू ड्रायव्हर घेऊन बसा आणि पिंपासारखी दिसेल ती प्रत्येक बॅटरी कटरनं कापून काढा, गळलेली असो वा नसो. हिरवट-पांढरा थर आला असेल तिथं इअरबडनं पांढरं व्हिनेगर लावा. अल्कली त्यानं मरते. मग आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसून पंख्याखाली नीट वाळवा. बॅटरीशिवायही मशीन चालतं, फक्त दर वेळी तारीख आणि हार्ड डिस्कची माहिती सेटअपमध्ये भरावी लागते.

चालू करून बघायचा मोह होईल. थेट प्लग लावू नका. बीबीसी मायक्रोसारख्या मशीनच्या पॉवर सप्लायमध्ये फिल्टरचे जे कागदी कपॅसिटर असतात, त्यांच्या कवचाला वर्षानुवर्षांत तडे जाऊन आत दमटपणा शिरलेला असतो. वीज दिली की काही मिनिटांत ते फुटतात आणि घरभर असा घाण धूर होतो की त्यानंतर वहिनींशी या विषयावर बोलायची सोयच उरणार नाही. चांगला रेडिओ-टीव्ही मेकॅनिक ते थोड्या पैशात बदलून देईल. नंतरही पहिला करंट द्यायचा तो इलेक्ट्रिशियनकडच्या सिरीज बोर्डावरून, म्हणजे बल्बमधून वीज पुढं सोडणाऱ्या बोर्डावरून, आणि त्यात जुना तारेचा बल्ब हवा, एलईडी नको. बल्ब भक्क पेटून तसाच राहिला तर आत शॉर्ट आहे, तिथंच थांबा. मॉनिटर तर उघडूच नका. पिक्चर ट्यूबमध्ये हजारो व्होल्टचा चार्ज बंद केल्यावरही राहू शकतो.

आता तुमच्या 'इतिहासा'कडे येते. पत्रात तुम्ही एक ओळ जाता जाता लिहिलीय: "मित्राच्या छापखान्यातल्या फ्लॉप्या, दोन खोकी." मला विचाराल तर अख्ख्या संग्रहातली सगळ्यात मोलाची वस्तू ती आहे, आणि तिच्यावर तुम्ही एवढीच ओळ खर्च केलीत.

४८६ चा प्रोसेसर कोल्हापुरात जो, तोच कोरियात. जगात तो असंख्य लोकांनी सांभाळून ठेवलाय. पण एका कोल्हापुरी छापखान्याच्या फ्लॉपीत काय असेल, विचार करा. तालमींच्या स्मरणिका, कुस्ती मैदानांची हँडबिलं, सोसायट्यांचे वार्षिक अहवाल, कुणाचा पहिला कवितासंग्रह, लग्नपत्रिका, पंचायतीच्या निवडणुकीची पत्रकं. यातलं बरंचसं छापून वाटलं गेलं आणि रद्दीत गेलं. जगात दुसरी प्रत नसेल अशी शक्यता तुमच्या चाळीस मशीनपैकी एकाचीही नाही, पण त्या खोक्यातल्या फायलींची आहे.

आणि त्या फायली वाचायला नेमकं मशीन लागतं. नव्वदच्या दशकातलं आपलं मराठी श्रीलिपी, आकृती, सीडॅकचं आयएसएम अशा सॉफ्टवेअरमध्ये, त्यांच्या स्वतःच्या फॉन्टांत टाइप झालेलं आहे. युनिकोड, म्हणजे सगळ्या कॉम्प्युटरवर सारखीच चालणारी देवनागरी, विंडोजमध्ये आली ती विंडोज २००० पासून, आणि छापखान्यांनी जुने फॉन्ट त्यानंतरही बरीच वर्षं सोडले नाहीत. त्या फॉन्टांत मराठी अक्षरं इंग्रजी अक्षरांच्या जागांवर बसवलेली असायची. फॉन्ट नसेल तर फाइल उघडते, पण दिसतो नुसता चिन्हांचा भुसा. माझंसुद्धा त्या काळातलं बरंच लिखाण असंच कुलपात आहे. त्यात काही सॉफ्टवेअर प्रिंटरच्या पोर्टला डोंगल, म्हणजे किल्लीसारखं काम करणारी छोटी डबी, लावल्याशिवाय सुरूच होत नसत. म्हणून छापखान्यातून आलेला पीसी, त्याचं डोंगल आणि त्यातले फॉन्ट एकत्र ठेवा. एकमेकांपासून तुटले की तिन्ही निकामी.

सगळ्यात आधी हे काम करा, कारण मशीन दुरुस्त होतं, चकतीवरचा डेटा एकदा गेला की गेला. साडेतीन इंची फ्लॉपीसाठी यूएसबी फ्लॉपी ड्राइव्ह पुरेल. सव्वापाच इंचीसाठी जुना ड्राइव्ह आणि 'ग्रीझविझल' नावाचा छोटा बोर्ड लागेल. तो जुना ड्राइव्ह आजच्या कॉम्प्युटरला जोडतो आणि अख्ख्या चकतीची जशीच्या तशी प्रत काढतो. बुरशी दिसतेय ती फ्लॉपी ड्राइव्हमध्ये घालू नका. बुरशी हेडला चिकटते आणि पुढची चांगली फ्लॉपीही खरवडून निघते. ती बाजूला काढा, साफ करून शेवटी वाचा, आणि प्रत्येक वेळी हेड पुसा. एका फ्लॉपीत फार तर १.४४ एमबी. शंभर वाचल्या तरी दीडशे एमबी भरत नाही, म्हणजे फोनवरच्या एखाद्या व्हिडिओएवढं. दोन ठिकाणी प्रत ठेवायला काहीच अडचण नाही. सोबत फॉन्टच्या फायली ठेवा आणि प्रत्येक फॉन्टमधलं एक पान कागदावर छापून ठेवा, म्हणजे पुढं कुणी युनिकोडमध्ये बदलायला बसलं तर पडताळून बघता येईल.

एक मात्र सांभाळा. छापखान्याचा माल दुसऱ्यांचा आहे. ज्यांचा आहे त्यांना विचारल्याशिवाय कुठं टाकू नका.

लाखांच्या किमतीचं बोलू. १९७६ चा ॲपल-१ २०१४ मध्ये लंडनच्या बोनहॅम्सनं न्यूयॉर्कला लिलावात काढला, ९ लाख ५ हजार डॉलरला गेला. अशा बातम्या आपण सगळे वाचतो. पण ॲपल-१ बनलेच दोनशेच्या आसपास. तुमच्याकडचे बहुतेक पीसी लॅमिंग्टन रोडवरून सुटे भाग आणून जोडलेले, असेंबल्ड. खोकं नाही, बिल नाही, कॅबिनेट एकाचं, बोर्ड दुसऱ्याचा. असल्या मशीनला पैसे देणारा संग्राहक भेटणं कठीण. तुम्ही बँकेतले आहात. वीस वर्षांत यात घातलेले पैसे एफडीत असते तर किती झाले असते, हा हिशेब मी करत नाही, तुम्ही केला असेलच.

दोन वस्तू वेगळ्या आहेत. सिंक्लेअर या ब्रिटिश कंपनीचा झेडएक्स स्पेक्ट्रम हा घरगुती कॉम्प्युटर १९८२ चा. भारतात डेसिबेल्स कंपनीनं परवाना घेऊन काढलेली त्याची आवृत्ती म्हणजे तुमचा डीबी स्पेक्ट्रम. आणि बीबीसी मायक्रो शाळांत आला तो शाळेत कॉम्प्युटर शिकवायच्या केंद्र सरकारच्या १९८४ च्या 'क्लास' प्रकल्पातून. आपल्याकडच्या पोरांनी पहिल्यांदा कॉम्प्युटरला हात लावला त्या काळातली ही मशीन आहेत. विकायला नव्हे, ठेवायला. ज्या शाळेतून बीबीसी मायक्रो आणला तिथल्या तेव्हाच्या शिक्षकांना गाठा. कोण शिकवायचं, तासाला किती मुलं एका मशीनवर बसायची, वीज गेली की काय करायचे, हे फोनवर रेकॉर्ड करा. त्या मशीनची किंमत असेल तर ती या माहितीत आहे.

बाकीच्या ढिगासाठीही हाच प्रश्न विचारा: हे कुणाचं होतं आणि यावर काय काम झालं? उत्तर असेल तर चिठ्ठी लिहून मशीनला चिकटवा आणि ठेवा. उत्तर नसेल आणि तसलंच दुसरं तुमच्याकडे असेल, तर त्यातले फ्लॉपी ड्राइव्ह, रॅम, चांगला पॉवर सप्लाय काढून घ्या आणि सांगाडा जाऊ द्या. माझा अंदाज, पाच-सहा मशीन उरतील. त्रास होईल, पण ती पाच-सहा चालतील.

म्युझियमचं स्वप्न मला आवडलं, म्हणूनच थोडं टोचून बोलते. पुण्याच्या दिनकर केळकरांनी दिवे, अडकित्ते, भांडी अशा रोजच्या वापरातल्या वस्तू जमवल्या. लोक त्यांनाही हसलेच असतील. पण आपल्या हयातीत त्यांनी तो संग्रह राज्य सरकारच्या हवाली केला, म्हणून तो आज बघायला मिळतो. दुसरी बाजू बघा. मायक्रोसॉफ्टचे सहसंस्थापक पॉल ॲलन यांनी सिॲटलमध्ये जुने कॉम्प्युटर चालू स्थितीत दाखवणारं म्युझियम काढलं होतं. २०१८ मध्ये ते गेले, २०२० मध्ये म्युझियमला कुलूप लागलं, आणि २०२४ मध्ये ते पुन्हा उघडणार नाही असं जाहीर होऊन संग्रहातल्या वस्तू क्रिस्टीजच्या लिलावात निघाल्या. तिथं पैसा कमी नव्हता. तुमच्यामागं या वस्तूंचं काय करायचं, हे तुम्ही कुठं लिहून ठेवलंय का? नसेल तर तो निर्णय भंगारवाला घेईल, आणि त्यात त्याचा काही दोष नसेल.

इमारत, ट्रस्ट, देणगी हे सगळं पुढं. आधी कणेरी मठावरचं, गावगाडा पुतळ्यांतून दाखवणारं सिद्धगिरी म्युझियम एकदा या नजरेनं बघून या. लोक तिथं नांगर बघायला थांबत नाहीत, नांगर धरणारा माणूस बघायला थांबतात. एका रांगेत मांडलेल्या करड्या पेट्यांपुढं कोण थांबेल? त्यापेक्षा गणेशोत्सवात पेठेतल्या एखाद्या तरुण मंडळाला विचारा. मंडपाच्या कडेला एक टेबल, तीन चालू मशीन. एकावर वर्डस्टार हे तेव्हाचं टायपिंगचं सॉफ्टवेअर, एकावर स्पेक्ट्रमचा गेम, एकावर श्रीलिपीत नाव टाइप करून डॉट मॅट्रिक्सवर छापून द्यायचं. पोरं रांग लावतील, आणि त्यांच्या मागं उभे असलेले पन्नाशीचे लोक बोलायला लागतील. कुणी डॉस शिकवायचं, कुणी टायपिंग इन्स्टिट्यूट चालवायचं, कुणाच्या बँकेत संगणकीकरणावरच्या १९८४ च्या रंगराजन समितीनंतर खातेवही भरणारं लेजर पोस्टिंग मशीन आलं तेव्हा युनियननं काय गोंधळ घातला होता. ते ऐकायला एक माणूस वहीसकट बसवा. (मंडपातल्या विजेचा भरवसा नसतो, स्टॅबिलायझर न्या. आणि पावसाचं प्लास्टिक.) दहा दिवसांत कळेल की म्युझियमला गिऱ्हाईक आहे का, आणि रोज उठून ते चालवायची तुमची तयारी आहे का.

आता घर. मला नाही वाटत घरच्यांचा राग कॉम्प्युटरवर आहे. पत्रावरून दिसतं ते एवढंच, की वीस वर्षांत एकही वस्तू कुणाला विचारून घरात आली नाही. भावाच्या मुलाचं लग्न ठरल्यावर खोल्यांचा विषय तुम्ही काढायला हवा होता, तो त्यांना काढावा लागला. नाद असावा, आपल्या गावात नादाला कुणी नावं ठेवत नाही. पण तुमचा नाद आणि जागा दुसऱ्यांची, असं किती दिवस? तेव्हा इतिहासावर भाषण न देता भावाला तारीख सांगा, या दिवशी खोल्या मोकळ्या मिळतील, आणि त्याच्या आठ दिवस आधी करून दाखवा. वहिनींकडं एक लोखंडी कपाट आणि एक टेबल मागा, खाली, ओल नसलेल्या भिंतीला. कपाटात मावेल तेवढा संग्रह. नवीन काही आलं तर जुनं एक बाहेर. ही अट तुम्हीच घाला, त्यांना घालायला लावू नका.

शाहूपुरीतलं गोडाऊन मात्र नको. २०१९ आणि २०२१ ला पंचगंगेचं पाणी व्हीनस कॉर्नर, शाहूपुरीच्या बाजूला कसं शिरलं होतं ते तुम्ही बघितलंय. आणि पूर नाही आला, तरी डोळ्याआड गेलेलं सामान हात न लावताच सडतं. भावानं भल्यासाठी सुचवलंय, तसं त्याला म्हणा आणि नाही म्हणा.

जे द्यायचंय ते किलोवर देऊ नका. अशा भंगारात बोर्ड ॲसिडमध्ये टाकून सोनं काढतात, वायरी जाळतात. मॉनिटरच्या काचेत शिसं असतं. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे नोंदणी असलेल्या ई-कचरा पुनर्वापर करणाऱ्याला द्या. इंजिनीअरिंग कॉलेजांना आधी विचारा, हार्डवेअर शिकवायला एखादं उघडं मशीन त्यांना हवं असू शकतं. आणि हार्ड डिस्क! जुन्या ऑफिसांच्या डिस्कवर लोकांची खाती, पगार, पत्ते असतात. बँकेतल्या माणसाला हे मी सांगायला नको. ठेवायची नसेल ती डिस्क पूर्ण पुसा किंवा ड्रिलनं भोक पाडा, मगच घराबाहेर काढा.

ज्यांच्याकडं कॉम्प्युटर नाहीत पण व्हीएचएस कॅसेटी, टेप, जुने कॅमेरे आहेत, त्यांनीही हाच क्रम धरावा: आधी आतलं उतरवून घ्या, मग यंत्राचं बघा. व्हीसीआर बनवणारी शेवटची मोठी कंपनी, जपानची फुनाई, २०१६ मध्ये थांबली. चालू व्हीसीआर दरवर्षी कमीच होणार. लग्नाच्या कॅसेटी कपाटात असतील तर बुरशी धरायच्या आत, पुढच्या पावसाळ्यापूर्वी उतरवून घ्या.

राहता राहिले डॉट मॅट्रिक्स प्रिंटर. तुमच्या अख्ख्या ढिगात कोल्हापुरात आजही खरं गिऱ्हाईक असलेली वस्तू हीच. कार्बन लावून दोन-तीन प्रती एका दणक्यात काढायचं काम इंकजेट-लेसरला जमत नाही, आणि रिबन अजून मिळते. श्रीलिपीवाल्या पीसीसाठी एक ठेवा. बाकीचे साफ करून, चालवून बघून मार्केट यार्डात गुळाच्या अडत्यांकडं विचारा, विक्रीच्या हिशेबाच्या पट्ट्या छापायला अजून कोण कोण वापरतं ते. दोन-तीन जरी गेले तरी आयसोप्रोपिल अल्कोहोल, यूएसबी ड्राइव्ह आणि ग्रीझविझलचा खर्च निघेल, आणि त्यासाठी घरात पैसे मागावे लागणार नाहीत.